लिनक्स अपग्रेड केल्यावर वाय-फाय गायब का होतं? आणि ते परत कसं आणायचं?

रात्री झोपण्याआधी लॅपटॉपवर अपग्रेडचं बटण दाबलं. सकाळी उठून पाहिलं तर डेस्कटॉप नवा, आयकॉन नवे, सगळं झकास. फक्त कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह दिसत नाही. सेटिंग्ज उघडल्या तर तिथे सरळ लिहिलेलं असतं की वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही.

कालपर्यंत चालणारं कार्ड एका रात्रीत गेलं कुठे? आणि खरी पंचाईत पुढेच आहे. यावरचा उपाय शोधायला इंटरनेट लागतं आणि नेमकं तेच बंद पडलेलं असतं. त्यात कुणाचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिलेला असतो, तर कुणाला त्याच दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटीत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी उबुंटू, मिंट, फेडोरा किंवा डेबियन हे पर्याय तेव्हापासून जास्त चर्चेत आले. त्यामुळे आतापर्यंत फक्त सिस्टम अॅडमिननाच माहीत असलेली ही अडचण आता साध्या घरगुती वापरकर्त्यांपुढेही येऊ शकते.

अशा वेळी घाबरून माणसं दोन गोष्टी करतात. एकतर दुकानात जाऊन नवं कार्ड विकत घेतात, नाहीतर डिस्क फॉरमॅट करून सगळं नव्याने टाकतात. पहिल्यात पैसे जातात आणि दुसऱ्यात फाईल्स जाऊ शकतात. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

कार्ड जागेवरच असतं, मग दिसत का नाही?

नेटवर्क कार्ड चालण्यासाठी चार गोष्टींची साखळी जुळावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष कार्ड. ते मदरबोर्डवर बसवलेलं असतं किंवा यूएसबीला लावलेलं असतं.

दुसरी गोष्ट ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाशी कसं बोलायचं हे सांगणारा प्रोग्राम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधला गाभा. ड्रायव्हरचे हे सुटे तुकडे 'मॉड्यूल' म्हणून ओळखले जातात.

तिसरी गोष्ट फर्मवेअर. ही एक छोटी फाईल असते. ड्रायव्हर ती कार्डात भरतो आणि मग कार्डातली चिप कामाला लागते. आजच्या बहुतेक वाय-फाय कार्डांना ही फाईल लागतेच.

चौथी गोष्ट नाव आणि सेटिंग. सिस्टम कार्डाला एक नाव देते आणि आयपी अॅड्रेस वगैरे सेटिंग त्या नावाला जोडलेली असते.

अपग्रेडमध्ये कर्नल बदलतो. म्हणजे दुसरी, तिसरी आणि चौथी कडी एकाच वेळी हलते. पहिली कडी, म्हणजे कार्ड, जिथे होतं तिथेच असतं. त्यामुळे 'कार्ड गेलं' असं म्हणण्याआधी नेमकी कुठली कडी तुटली हे शोधायचं. एकदा ते कळलं की उपाय सहसा दोन-चार ओळींचा असतो.

सगळ्यात आधी जुन्या कर्नलवर परत जा

अपग्रेड झाला तरी जुना कर्नल लगेच पुसला जात नाही. उबुंटू आणि डेबियन आधीचा कर्नल ठेवतात. फेडोरामध्ये साधारणपणे तीन कर्नल जपून ठेवलेले असतात. ही सोय नेमकी अशाच प्रसंगासाठी आहे.

संगणक रीस्टार्ट करा. सुरू होताना 'ग्रब' नावाचा मेन्यू येतो. तो आपोआप आला नाही, तर नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप आणि जुन्या बायोस मशीनवर शिफ्ट बटण दाबून पाहा. उबुंटू आणि डेबियनमध्ये 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' असा पर्याय दिसतो. त्याच्या आत आधीच्या आवृत्तीचा कर्नल असतो. फेडोरामध्ये कर्नलची यादी थेट पहिल्याच मेन्यूत दिसते.

जुना कर्नल निवडल्यावर वाय-फाय चालू झालं तर दोन गोष्टी एकदम कळतात. एक, कार्ड ठणठणीत आहे. दोन, दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये आहे. शिवाय तातडीचं काम आटोपायला इंटरनेटही मिळतं. फॉर्म भरा, रिटर्न भरा, दुरुस्ती नंतर सावकाश करा.

एक सावधगिरी मात्र बाळगायची. नेटवर्क सुरळीत होईपर्यंत 'ऑटोरिमूव्ह' ही कमांड देऊ नका. जागा मोकळी करण्याच्या नादात ती जुने कर्नल काढून टाकू शकते आणि परतीचा रस्ता बंद होऊ शकतो.

इंटरनेट नसताना इंटरनेट कुठून आणायचं?

जुना कर्नल नसेल किंवा त्यावरही नेट चालत नसेल, तर उपाय खिशातच आहे. मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. इथे हॉटस्पॉटचा उपयोग नाही, कारण हॉटस्पॉट पकडायला वाय-फायच लागतं. यूएसबी टेदरिंगमध्ये मोबाईल लॅपटॉपला केबलच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि बहुतेक वेळा वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

अनेक अँड्रॉइड फोन स्वतः घरच्या वाय-फायला जोडलेले असतानाही तेच इंटरनेट यूएसबीवरून पुढे देतात. म्हणजे मोबाईल डेटाही खर्च होत नाही.

वाय-फाय गेलं असेल पण लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल, तर राउटरपासून थेट केबल लावूनही काम भागतं. यातलं काहीच जमलं नाही, तर दुसऱ्या संगणकावर लागणारं पॅकेज डाऊनलोड करून पेन ड्राईव्हने आणावं लागतं.

आता साखळी तपासू. पुढच्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत टाईप करायच्या.

पहिला प्रश्न: मशीनला कार्ड दिसतंय का?

आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय' आणि यूएसबी अडॅप्टरसाठी 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या. ही अक्षरं मध्ये जागा न सोडता सलग लिहायची. यादीत इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, मीडियाटेक, क्वालकॉम यांपैकी एखादं नाव आणि त्याच्यासोबत 'नेटवर्क' किंवा 'इथरनेट' हा शब्द दिसला, तर कार्ड जागेवर आहे. पुढच्या प्रश्नाकडे जा.

यादीत काहीच दिसलं नाही, तर दोष लिनक्सच्या खालच्या पातळीवर असू शकतो. संगणक पूर्ण बंद करा, चार्जर काढा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. नुसतं रीस्टार्ट केल्याने कार्डाचा वीजपुरवठा तुटतोच असं नाही. तरीही दिसलं नाही, तर बायोसच्या सेटिंगमध्ये कार्ड बंद झालंय का ते बघा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक शक्यता असते. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाऊन' केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. काही कार्डं त्यामुळे अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतात आणि लिनक्सला ती उठवता येत नाहीत. विंडोजमध्ये जाऊन हा पर्याय बंद केला की अडचण सुटते.

दुसरा प्रश्न: कार्डाला ड्रायव्हर मिळालाय का?

'एलएसपीसीआय' च्या पुढे जागा सोडून 'वजा के' म्हणजे छोटी आडवी रेघ आणि के हे अक्षर लिहा. आता प्रत्येक उपकरणाखाली जास्तीच्या ओळी येतात. त्यात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल, तर ड्रायव्हर जोडला गेलाय. नेटवर्क कार्डाखाली ही ओळच नसेल, तर तुटलेली कडी सापडली.

ड्रायव्हर न मिळण्याची कारणं साधारण तीन.

पहिलं कारण, ड्रायव्हर बाहेरून आणलेला होता. ब्रॉडकॉमच्या काही चिप आणि रिअलटेकचे बरेच यूएसबी अडॅप्टर यांसाठी लोक वेगळा ड्रायव्हर टाकतात. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बनवला, त्याच कर्नलवर चालतो. कर्नल बदलला की तो पुन्हा बनवावा लागतो. हे काम आपोआप व्हावं म्हणून 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा आहे. डेल कंपनीच्या लिनक्स विभागाने ती तयार केली होती. पण नव्या कर्नलचं 'हेडर्स' पॅकेज नसेल किंवा ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलशी जुळत नसेल, तर डीकेएमएसचंही काही चालत नाही.

'डीकेएमएस स्टेटस' ही कमांड दिली की कुठल्या कर्नलसाठी ड्रायव्हर बनलाय हे दिसतं. चालू कर्नलची आवृत्ती 'यूनेम वजा आर' या कमांडने कळते. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर टेदरिंगवरून नव्या कर्नलचे हेडर्स इन्स्टॉल करा आणि 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' ही कमांड सुडोसह द्या.

इथे एक मेख असते. बाहेरचा ड्रायव्हर टाकताना कर्नलमधला मूळ ड्रायव्हर मुद्दाम बंद केला जातो, म्हणजे 'ब्लॅकलिस्ट' होतो. डेबियनचं ब्रॉडकॉमचं पॅकेज असंच करतं. त्यामुळे बाहेरचा ड्रायव्हर बनला नाही आणि आतला बंद आहे, अशी दोन्हीकडून कोंडी होते. ही बंदी 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'मॉडप्रोब डॉट डी' या फोल्डरच्या फाईलमध्ये लिहिलेली असते.

कधीकधी तर बाहेरच्या ड्रायव्हरची गरजच संपलेली असते. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलपासून रिअलटेकच्या काही यूएसबी वाय-फाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच मिळू लागला. आपली चिप त्यात असेल, तर जुना बाहेरचा ड्रायव्हर आणि त्याने घातलेली बंदी काढून टाकणं हाच खरा उपाय ठरतो.

दुसरं कारण, अर्धवट अपग्रेड. उबुंटूमध्ये कर्नलचे ड्रायव्हर दोन पॅकेजमध्ये विभागलेले असतात. मूळ पॅकेजमध्ये अत्यावश्यक मॉड्यूल आणि 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' मध्ये बाकीची, ज्यात वाय-फायचे बरेच ड्रायव्हर येतात. अपग्रेड मध्येच तुटला किंवा कुणी हाताने फक्त कर्नलच टाकला, तर हे दुसरं पॅकेज राहून जातं. मग वाय-फायसोबत आवाज किंवा ब्लूटूथही गायब होऊ शकतं. एकाच वेळी अशा दोन-तीन गोष्टी गेल्या असतील, तर संशय या पॅकेजवरच घ्या. चालू कर्नलच्या आवृत्तीचं हे पॅकेज इन्स्टॉल केलं की सगळं परत येतं.

तिसरं कारण, सिक्युअर बूट. ही बायोसमधली सुरक्षेची सोय आहे. ती चालू असेल तर ज्यावर खात्रीची डिजिटल सही नाही, असा ड्रायव्हर कर्नल घेत नाही. बाहेरचा ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठेवायला सांगतं. पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही स्क्रीन काही सेकंदच थांबते. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर ती निघून जाते, सही नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो.

तपासण्यासाठी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून पाहता येतं. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

तिसरा प्रश्न: फर्मवेअर सापडलं का?

ड्रायव्हर जोडलेला दिसतोय, तरी वाय-फाय नाही? मग 'सुडो डीएमईएसजी' ही कमांड द्या. कर्नलने सुरू होताना काय काय केलं याची नोंद त्यात असते. नोंद लांबलचक असते, त्यामुळे त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. 'फेल्ड टू लोड' किंवा इंटेलच्या कार्डाबाबत 'नो सूटेबल फर्मवेअर फाऊंड' असं दिसलं, तर फाईल कमी आहे.

याचं ठळक उदाहरण डेबियनमध्ये आहे. डेबियन हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरबाबत काटेकोर. कार्डांचं फर्मवेअर बहुतेक वेळा कंपन्यांच्या मालकीचं असतं, त्यामुळे ते 'नॉन-फ्री' या वेगळ्या कप्प्यात ठेवलं जायचं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेऊन ठरवलं की असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरसोबत द्यायचं. त्यानंतर १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा नवा कप्पा आला आणि फर्मवेअरची पॅकेजेस तिकडे हलली.

नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांना याचा फायदाच झाला. पण डेबियन ११ वरून अपग्रेड करणाऱ्यांना 'सोर्सेस डॉट लिस्ट' या फाईलमध्ये नव्या कप्प्याचं नाव स्वतः लिहावं लागतं. ते राहिलं तर फर्मवेअरचं नवं पॅकेज येत नाही, जुनंच पडून राहतं. नव्या कर्नलला नवी फाईल हवी असेल, तर कार्ड मुकाट बसतं. उपाय सोपा आहे. त्या ओळीच्या शेवटी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा, 'एपीटी अपडेट' द्या आणि आपल्या कंपनीच्या कार्डाचं फर्मवेअर पॅकेज इन्स्टॉल करून रीस्टार्ट करा.

चौथा प्रश्न: कार्डाचं नाव बदललंय का?

कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, तरी नेट नाही. हा अनुभव जास्त करून ऑफिसमधल्या मशीन आणि सर्व्हरवर येतो.

पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या केबल कार्डाचं नाव 'ईटीएच शून्य' असायचं. दोन कार्डं असली की कुठलं शून्य आणि कुठलं एक, हे दर वेळी तसंच राहील याची खात्री नव्हती. म्हणून जानेवारी २०१३ मध्ये 'सिस्टमडी' च्या १९७ व्या आवृत्तीत नवी पद्धत आली. कार्ड कुठल्या जागी बसलंय त्यावरून नाव ठरू लागलं. 'ईएनपी३एस०' या नावात 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे तिसरी पीसीआय बस आणि 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाचा स्लॉट. वाय-फायचं नाव 'डब्ल्यूएल' पासून सुरू होतं.

जुनी मशीन अपग्रेड होत आली तरी बराच काळ जुनी नावं टिकून राहिली. मात्र २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० पासून जुनी नावं टिकवणाऱ्या फाईलचा अधिकृत आधार संपला. आता सेटिंगमध्ये जुनं नाव आणि कार्डाला नवं नाव, असं झालं तर कार्ड समोर असूनही त्याला आयपी अॅड्रेस मिळत नाही. मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी बसवली तरी बसचे क्रमांक सरकू शकतात आणि '३' चं '४' होऊ शकतं.

'आयपी लिंक' ही कमांड आजची नावं दाखवते. ती नावं नेटप्लॅनच्या किंवा 'इंटरफेसेस' या फाईलमधल्या नावांशी ताडून बघा. फरक असेल तर फाईलमध्ये नवं नाव लिहा. कायमचा उपाय हवा असेल, तर सेटिंग नावाऐवजी कार्डाच्या मॅक अॅड्रेसला बांधा, कारण तो सहसा बदलत नाही.

नुसतं बटण तर बंद नाही ना?

हे वाचून हसू येईल, पण तपासायला हवंच. 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड वाय-फाय मुद्दाम बंद केलंय का ते सांगते. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल, तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' दिलं की काम झालं. त्यात 'वायफाय' हा शब्द मध्ये रेघ न देता सलग लिहायचा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल, तर लॅपटॉपचा वाय-फायचा स्विच किंवा कीबोर्डवरचं विमानाचं चिन्ह असलेलं बटण बघा.

पुढच्या अपग्रेडआधी काय करायचं?

एक, नेट चालू असतानाच कार्डाचं पूर्ण नाव आणि ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवा. 'एलएसपीसीआय वजा के' च्या उत्तराचा मोबाईलने फोटो काढला तरी पुरे. दुरुस्तीच्या वेळी अर्धा शोध इथेच संपतो.

दोन, बाहेरून ड्रायव्हर टाकलेला असेल, तर तो नव्या कर्नलवर चालतो का हे आधी पाहा.

तीन, मोबाईलचं यूएसबी टेदरिंग एकदा करून बघा. चार्जिंगपुरतीच चालणारी केबल असेल, तर ते ऐन वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चार, नव्या आवृत्तीचा लाईव्ह पेन ड्राईव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करा. डिस्कला हात न लावता नवी आवृत्ती चालवून बघता येते. तिथे वाय-फाय चाललं, तर अपग्रेडनंतरही ते चालण्याची शक्यता मोठी.

पाच, दूरच्या सर्व्हरवर अपग्रेड करणार असाल, तर नेटवर्क गेल्यावर आत शिरायचा दुसरा मार्ग आधी ठरवा. होस्टिंग कंपनीचा कन्सोल किंवा मशीनजवळ बसलेला माणूस, यांपैकी एक तरी हवा. नाहीतर एका नावाच्या फरकापायी मशीन चालू असूनही हाताबाहेर जातं.

आणि सहा, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री अपग्रेडचं बटण दाबू नका. ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं.